कोरियाची इमो, चीनची आ-ई आणि आपली मावशी : पूर्व आशियाई घरात कुणाला काय म्हणायचं

कोरियन, जपानी किंवा चिनी शिकायला घेतली की थोड्याच दिवसांत नात्यांचा धडा येतो आणि भले भले वैतागतात. मोठ्या भावाला दोन शब्द, काकांना तीन, भावंडांच्या मुलांचं तर विचारूच नका. यात अर्धा दोष भाषेचा नसून वाटेचा आहे. पुस्तकं इंग्रजीतून लिहिलेली असतात. म्हणून आपण आधी काका, मामा, आत्याचे यजमान आणि मावशीचे यजमान या चौघांना एका ‘अंकल’मध्ये कोंबतो आणि मग कोरियनमध्ये जाऊन तो गठ्ठा पुन्हा सोडवत बसतो. हा द्राविडी प्राणायाम करायची गरज नाही. आत्या आणि मावशी वेगळ्या असतात हे ज्याला बाळपणापासून ठाऊक आहे, त्याचं निम्मं काम झालेलं आहे. उरलेल्या निम्म्यात मराठी आपल्याला कुठे कुठे दगा देते, ते मात्र नीट बघायला हवं.

हे मार्गदर्शन नवख्यांसाठी आहे: तळेगाव-रांजणगावच्या कोरियन कंपनीत लागलेले, तिकडे शिकायला निघालेले, तिकडची सून किंवा जावई झालेले, आणि कोरियन मालिका बघून चार शब्द आधीच चुकीचे शिकलेले. कोरियावर जास्त वेळ घालवू, कारण खड्डे तिथेच जास्त आहेत.

पायरी १ : आधी आपलं घर कागदावर काढा

परकी भाषा बाजूला ठेवा. आजी-आजोबांपासून मावसभावांपर्यंत सगळे मराठीत लिहा. मग प्रत्येकापुढे तीन उत्तरं मांडा. हा माणूस आईकडचा की वडिलांकडचा? आई किंवा वडिलांपेक्षा मोठा की लहान? आणि तुमच्यापेक्षा मोठा की लहान?

पहिलं उत्तर मराठीत शब्दातच असतं. दुसरं आपण गरज पडली तरच सांगतो, ‘थोरले काका’, ‘धाकटे काका’ असं. तिसरं आपण हाक मारण्यातून पाळतो: मोठी असेल तर ताई, लहान असेल तर नुसती मंजू. कोरियन आणि चिनीत ही तिन्ही उत्तरं लागतात, जपानी बोलण्यात मुख्यतः तिसरं. जुळ्यांनाही सूट नाही. कोरियन घरात पाच मिनिटं आधी जन्मलेला जुळा भाऊसुद्धा थोरला भाऊच. जपानात पूर्वी काही ठिकाणी नंतर जन्मलेल्याला थोरलं मानत, तेव्हा १८७४ साली सरकारनं आधी जन्मेल तो थोरला असा निवाडा दिला.

पायरी २ : कोरियात ‘दादा’ म्हणणारा कोण, ते विचारा

मराठीत दादा तो दादाच, हाक मुलगा मारो की मुलगी. कोरियनमध्ये बोलणारा बदलला की शब्द बदलतो. मुलगा मोठ्या भावाला ‘ह्यॉंग’ म्हणतो, मुलगी त्याच भावाला ‘ओप्पा’ म्हणते. मोठी बहीण मुलाची ‘नूना’ असते आणि मुलीची ‘ऑन्नी’.

मालिकांमुळे ‘ओप्पा’ जगभर गेला, २०२१ साली ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशातही जाऊन बसला. म्हणून नवखा मराठी मुलगा कार्यालयातल्या थोरल्या सहकाऱ्याला प्रेमानं ‘ओप्पा’ म्हणतो आणि सगळी खोली हसते. पुरुषानं पुरुषाला ओप्पा म्हणायचं नसतं. ह्यॉंगसुद्धा त्यानं ‘मला ह्यॉंग म्हण’ असं सांगेपर्यंत म्हणू नये, पदाची हाक मारावी.

धाकट्या भावंडांना एकच शब्द आहे, ‘तोंगसेंग’. पण तो ओळख करून देताना वापरायचा. कुणी ‘ए तोंगसेंग’ म्हणून हाक मारत नाही, जसं आपण ‘ए धाकट्या बहिणी’ म्हणत नाही. हाक नावानंच, आणि तीही आपल्या संबोधनासारखी शेपूट लावून. नावाच्या शेवटी व्यंजन असेल तर ‘आ’, स्वर असेल तर ‘या’: जिमिनला ‘जिमिना’, मिनसूला ‘मिनसूया’. गोपाळला ‘गोपाळा’ म्हणणाऱ्यांना हे सांगावं लागू नये. ही शेपूट थोरल्यांना चुकूनही लावायची नाही. थोरल्याचं नाव घ्यायचंच असेल तर नात्यासकट: ‘मिनसू ह्यॉंग’, ‘जियॉंग ऑन्नी’. आपल्या सुनीलदादा आणि मंगलताईसारखंच, आधी नाव आणि मागे नातं.

मोठं-लहान कसं ठरवायचं? वर्षावरून. जन्मल्याबरोबर एक वर्षाचं धरायचं आणि दर एक जानेवारीला सगळ्यांनी एकदम वाढायचं, ही कोरियन वय मोजण्याची रीत २८ जून २०२३ पासून सरकारी कामकाजातून गेली. माणसांच्या डोक्यातून ती इतक्या लवकर जाणार नाही. एकाच वर्षी जन्मलेले ‘छिंगू’, म्हणजे बरोबरीचे. वर्ष वेगळं निघालं की पायऱ्या पडल्या. म्हणून पहिल्याच भेटीत कुणी जन्मवर्ष विचारलं तर त्याला भोचक समजू नका. तो फक्त क्रियापदाचं रूप कुठलं वापरायचं ते शोधतोय.

पायरी ३ : ‘तू’ गिळायला शिका

मराठी माणसाची सगळ्यात महाग पडणारी चूक इथे होते. आपण आईला ‘तू’ म्हणतो, आजीला ‘तू’ म्हणतो, विठ्ठलालाही ‘तू’ म्हणतो. त्यात अनादर नाही, उलट जवळीक आहे. कोरियनमधलं ‘नॉ’ हे ‘तू’ मात्र फक्त बरोबरीच्यांना आणि लहानांना. सख्ख्या थोरल्या भावालाही ते चालत नाही, आईची तर गोष्टच सोडा.

मग ‘तुम्ही’ वापरायचं का? तेही नाही. सर्वनामाची जागा नातंच घेतं. ‘ह्यॉंग जेवला का?’ असं ह्यॉंगलाच विचारायचं. ‘हा ऑन्नीचा फोन आहे का?’ असं ऑन्नीलाच. पहिल्या आठवड्यात आपण तिसऱ्याच कुणाबद्दल बोलतोय असं वाटतं, मग जीभ वळते. जपानीतही तसंच. पुस्तकात ‘आनाता’ म्हणजे ‘तुम्ही’ असं छापलेलं असतं, पण ते आईवडिलांना किंवा वरिष्ठांना म्हणून बघा, चेहरे पडतील. चिनी मात्र इथे आपल्या बाजूची आहे. तिथे आईवडिलांनाही सरळ ‘नी’, म्हणजे तू, चालतं. बेजिंगकडची माणसं आदरासाठी ‘नीन’ वापरतात.

एक गोष्ट मात्र कोरियनमध्ये अगदी आपल्यासारखी सापडेल: एकुलती एक मुलगीही ‘उरी ऑम्मा’ म्हणजे ‘आमची आई’ म्हणते. ‘माझी आई’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला खटकतं. इंग्रजीतून शिकणाऱ्यांना हे समजावायला अर्धा तास लागतो. आपल्याला नाही.

पायरी ४ : काका किती ‘छोन’ लांब?

वडिलांचा मोठा भाऊ ‘खुनाबॉजी’, शब्दशः मोठे वडील. धाकटा भाऊ ‘चागुनाबॉजी’, लहान वडील. पण धाकट्याचं लग्न व्हायचं असेल तर तो अजून ‘वडील’ झाला नाही, तोवर ‘सामछोन’. आत्या ‘कोमो’, मावशी ‘इमो’, मामा ‘वेसामछोन’. आत्याचे यजमान ‘कोमोबू’, मावशीचे ‘इमोबू’. हे शब्द एका बैठकीत पाठ होतात, कारण खण तयार आहेत, फक्त चिठ्ठ्या बदलायच्या.

‘सामछोन’ या शब्दाशी मात्र थोडं थांबा. त्याचा अर्थ ‘तीन छोन’. छोन म्हणजे नात्याचं अंतर. आईवडील आणि मूल यांच्यात एक छोन. तुम्ही आणि भाऊ यांच्यात दोन, कारण तुमच्यापासून वडिलांपर्यंत एक आणि तिथून भावापर्यंत आणखी एक. काकांपर्यंत जायचं तर वडील, आजोबा, काका असे तीन टप्पे, म्हणून काका तीन छोन. चुलतभाऊ चार, म्हणून ‘साछोन’. आणि नवरा-बायको? त्यांच्यात शून्य. जवळ असतील तर अंतर नाही आणि तुटले तर नातंच नाही, असं कोरियन माणसं वर हसून सांगतात.

हे मोजमाप फक्त गमतीचं नाही. कोरियाच्या दिवाणी कायद्यानं आठ छोनांच्या आतल्या रक्ताच्या नात्यात लग्नाला बंदी आहे. पूर्वी तर मूळ गाव आणि आडनाव एकच असलेल्यांना लग्न करता येत नसे, थेट आपल्या सगोत्रासारखं. ती बंदी तिथल्या घटना न्यायालयानं १९९७ साली घटनेशी विसंगत ठरवली. तेव्हा मामाच्या मुलीवर आपल्याकडे जे विनोद चालतात ते कोरियन जेवणाच्या टेबलावर काढू नका.

साछोन हा शब्द परक्यांना नातं सांगण्यापुरता. प्रत्यक्ष हाक सख्ख्यांसारखीच, ह्यॉंग, नूना, ऑन्नी. आपणही मामेभावाला ‘ए मामेभाऊ’ म्हणत नाही.

आजीआजोबांमध्ये एक काटा आहे. वडिलांकडची आजी नुसती ‘हालमॉनी’, आईकडची ‘वे-हालमॉनी’. या ‘वे’चा अर्थ ‘बाहेरची’. चिनीतही आईकडच्या आजीला ‘वायपो’ म्हणतात, अक्षर तेच. हल्ली अनेक कोरियन घरांत हा ‘वे’ टाळून गावाच्या नावानं आज्या ओळखतात, बुसानची हालमॉनी, इंचॉनची हालमॉनी. नाशिकची आजी आणि साताऱ्याची आजी ज्यांना होत्या, त्यांनी हा मार्ग खुशाल पत्करावा.

पायरी ५ : सासरी जाणार असाल तर हे दोनदा वाचा

कोरियन सुनेनं नवऱ्याच्या अविवाहित धाकट्या भावाला ‘तोर्यॉन्निम’ म्हणायचं, त्याचं लग्न झालं की ‘सॉबांगनिम’. धाकट्या नणंदेला ‘आगास्सी’. तोर्यॉन्निम म्हणजे जुन्या काळी मोठ्या घरचे धाकले धनी, आगास्सी म्हणजे धनिणीची लेक. म्हणजे तिशीतली वहिनी शाळकरी दिराला ‘धाकले धनी’ म्हणणार. आणि जावयानं बायकोच्या धाकट्या भावाला काय म्हणायचं? ‘छॉनाम’. धाकट्या मेहुणीला ‘छॉजे’. मागे आदराचं ‘निम’ नाही, की काही नाही.

यावर कोरियात गेल्या काही वर्षांत बराच वाद झाला. २०२० साली तिथल्या राष्ट्रीय कोरियन भाषा संस्थेनं नव्या काळासाठी एक मार्गदर्शक पुस्तिका काढली. नवऱ्याच्या धाकट्या भावंडांना नावापुढे ‘स्सी’ हे आदराचं शेपूट लावून हाक मारली तरी चालेल असं त्यात सुचवलं. तरी सासूबाई कुठल्या काळातल्या आहेत ते बघूनच काय ते ठरवा.

हे वाचून ‘किती मागासलेलं’ असं म्हणण्याआधी आपल्याकडे बघू. शेंबड्या दिराला ‘भाऊजी’ म्हणून अहो-जाहो करणारी आणि धाकट्या नणंदेला ‘वन्सं’ म्हणणारी पिढी अजून आपल्या घरांत आहे. आणि तिचा नवरा? तो मेहुण्याला ‘ए बाळ्या’ म्हणतो. हिशेब तोच आहे. थोरली जाऊ वयानं लहान असली तरी मान नवऱ्याच्या क्रमानं मिळतो, हेही तेच. कोरियात थोरल्या जावेला आणि थोरल्या नणंदेला ‘ह्यॉंगनिम’ म्हणतात. पुरुषांचा थोरला भाऊ आणि बायकांची थोरली जाऊ एकाच मुळाच्या शब्दात कशी, याचं कोडं नवख्यांना नेहमी पडतं. लिंग सोडा, ‘थोरलेपण’ एवढाच अर्थ धरा, म्हणजे सुटतं.

नवरा-बायको एकमेकांना ‘यॉबो’ म्हणतात, आपल्या ‘अहो, ऐकलंत का’च्या घरातला शब्द. मूल झालं की बहुतेक जोडपी ‘मिनसूचे बाबा’, ‘मिनसूची आई’वर येतात. लग्नाआधी वयानं मोठ्या प्रियकराला म्हटलेलं ‘ओप्पा’ लग्नानंतरही चालू ठेवणाऱ्या सुना पुष्कळ आहेत, पण सासूसासऱ्यांसमोर ते टाळलेलं बरं.

आईवडिलांचं नाव सांगायची वेळ आली, समजा सरकारी खिडकीवर, तर कोरियन माणूस ते सलग उच्चारत नाही. नावातलं एकेक अक्षर सुटं करून प्रत्येकाला ‘जा’, म्हणजे अक्षर, जोडतो. उखाण्याशिवाय नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या आपल्या आज्यांना ही युक्ती आवडली असती.

जपान : घरातल्या सगळ्यात लहान मुलाच्या उंचीवरून बघा

जपानी शब्द मोजके आहेत. मोठा भाऊ ‘ओनीसान’, मोठी बहीण ‘ओनेसान’, लाडानं ‘सान’ऐवजी ‘चान’. आत्या आणि मावशी दोघी ‘ओबासान’, काका-मामा दोघे ‘ओजिसान’. इथे भाषा आपल्यापेक्षा गरीब आहे. लिहिताना मात्र आईवडिलांपेक्षा मोठा की लहान यावरून चित्राक्षर बदलतं, उच्चार तोच.

मराठी माणसानं जपायची गोष्ट म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ. ‘ओजिसान’ म्हणजे काका, ‘ओजीसान’ म्हणजे आजोबा. ‘ओबासान’मधला ‘बा’ लांबवला की आजी. शाळेत ऱ्हस्व-दीर्घाला कंटाळलेल्यांवर काळानं उगवलेला सूड म्हणा हवं तर. चाळिशीच्या बाईंना चुकून आजी म्हणण्यापेक्षा मात्रा मोजलेल्या बऱ्या.

जपानी घरात माणसाची ओळख सगळ्यात लहान मुलाच्या नजरेतून ठरते. भाषाशास्त्रज्ञ ताकाओ सुझुकी यांनी हे सूत्र छान उलगडून दाखवलं. बायको नवऱ्याला ‘ओतोसान’, म्हणजे बाबा, म्हणते. नातू झाला की मुलगा स्वतःच्या आईलाही आजी म्हणू लागतो. धाकटं जन्मलं की आई थोरल्याला ‘ओनीचान’ म्हणते. आपल्याकडची आई नाही का, स्वतःच्याच पोराला ‘दादा, बाळाला खेळणं दे’ म्हणते? आपल्याकडे एकत्र कुटुंबात हे उलटही होई: दिरांच्या तोंडून ऐकून मुलं सख्ख्या आईलाच ‘वहिनी’ म्हणत मोठी व्हायची.

आता सापळा. मराठीत आपण परक्यांना सांगताना म्हणतो, ‘बाबा आले आहेत’, आदरार्थी. जपानीत परक्यांसमोर स्वतःच्या माणसाला खाली उतरवायचं. आपले वडील ‘चिची’, आपली आई ‘हाहा’, आपला मोठा भाऊ नुसता ‘आनी’. समोरच्याचे मात्र ‘ओतोसान’, ‘ओकासान’, ‘ओनीसान’. वडिलांना एकेरीत आणल्याचं मनाला लागतं, पण तो तिथला विनय आहे.

चीन : नात्याला आकडा लावा

आधी एक धोक्याची पाटी. चिनीत ‘दीदी’ म्हणजे धाकटा भाऊ. मोठी बहीण ‘चिएचिए’, मोठा भाऊ ‘गग’, धाकटी बहीण ‘मेइमेइ’.

भावंडं अनेक असली की आपण अण्णा, तात्या, नाना, अप्पा अशी सन्मानाची नावं वाटतो. चिनी घर सरळ आकडे घालतं. थोरला भाऊ ‘दा-ग’, दुसरा ‘अर-ग’, तिसरा ‘सान-ग’. पहिल्याला ‘एक’ नाही म्हणायचं, ‘मोठा’ म्हणायचं, एवढं लक्षात ठेवा. काकांनाही हेच. वडिलांचा मोठा भाऊ ‘बोबो’, धाकटा ‘शूशू’, आत्या ‘कूकू’, मामा ‘च्यूच्यू’.

चुलत, आते, मामे, मावस असे आपले चार गट. चिनीत दोनच: काकांची मुलं ‘थांग’, कारण आडनाव एक, आणि बाकी सगळी ‘प्याओ’. पण पुढे मोठा-लहान आणि मुलगा-मुलगी जोडावं लागतं, म्हणून शब्द आठ होतात. एक मूल धोरण १९७९-८० पासून २०१५ अखेरपर्यंत चाललं. शहरांतल्या एकुलत्या एका आईबापांच्या एकुलत्या एका मुलाला काका नाही, मामा नाही, प्याओ नाही, थांग नाही. मग वसंतोत्सवाला, म्हणजे चिनी नववर्षाला, गावी गेल्यावर आजोबांच्या भावंडांच्या गोतावळ्यात ही मुलं गोंधळतात. त्यांच्यासाठी नातं टाकलं की हाक सांगणारी गणकयंत्रं मोबाइलवर आली आहेत. तेव्हा तुम्ही चुकलात तर फार लाजू नका.

परक्या माणसांना काय म्हणायचं?

आपण रिक्षावाल्याला ‘काका’ म्हणतो, पोळ्या करायला येणाऱ्या बाईंना ‘मावशी’. पुरुष वडिलांकडचा आणि बाई आईकडची, असं आपण कधी ठरवलं नाही, पण पाळतो. कोरियात आईची मैत्रीण आणि खाणावळीत वाढणाऱ्या बाई ‘इमो’, म्हणजे मावशी, आणि वडिलांचा मित्र ‘सामछोन’. चिनी मुलं अनोळखी पुरुषाला ‘शूशू’, म्हणजे धाकटे काका, म्हणतात आणि बाईला मावशी. घरकामाच्या बाईंनाही मावशीच. तिन्हीकडे आत्या कुणालाच म्हणत नाहीत. माझा अंदाज असा की आत्या म्हणजे शेवटी आईची नणंद. तिच्याशी लाडीगोडी करून जास्तीची भाजी मिळत नाही.

आणि या चिनी मावशीचा शब्द? ‘आ-ई’. पहिला सूर सपाट, दुसरा चढता. ‘माय मरो पण मावशी उरो’ म्हणणाऱ्यांनी याहून सोपा शब्द मागू नये.

धोके इथेही आहेत. कोरियात ‘आजुम्मा’ ही हाक बाईंना लागते, ‘आजुमॉनी’ त्यातल्या त्यात बरी. तरुण वाढपी मुलीला ‘इमो’ म्हणू नका. दुकानदाराला ‘साजांगनिम’, म्हणजे मालक, हे सुरक्षित. काहीच सुचलं नाही तर ‘यॉगियो’, अर्थात ‘इकडे’. जपानात तिशीच्या बाईंना ‘ओबासान’ म्हणण्यापेक्षा ‘सुमिमासेन’, म्हणजे ‘माफ करा’, म्हणून हाक न मारताच काम भागवा.

अडलात तर

नातं ठाऊक असूनही हाक कुठली ते कळेना, असं होणारच. तेव्हा अंदाजानं बोलू नका, विचारा. कोरियात ‘म्वोरागो पुरुम्यॉन त्वेल्कायो?’, काय म्हणून हाक मारू? जपानात ‘नान्तो ओयोबी सुरेबा ई देस्का?’ चीनमध्ये ‘त्सन्मं छंगहू?’ उत्तरात जो शब्द मिळेल तो तिथल्या तिथे एकदा मोठ्यानं म्हणा, त्याच शब्दानं त्यांना चहा विचारा, आणि घरी आल्यावर पहिल्या पायरीतल्या कागदावर त्या माणसापुढे लिहून ठेवा.